साहेबांचं बोलणं रेकॉर्ड केलं. आता पुढं काय?

गेल्या वर्षी ऐन पावसात करवीर तालुक्यातल्या एका गावातून बी.कॉम. करणारा एक तरुण मला भेटायला आला. गावाचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. टेबलावर मोबाईल ठेवून तो म्हणाला, "ताई, सगळं रेकॉर्ड हाय. आता सुटत न्हाई त्यो." चार मिनिटांची क्लिप होती. विहाराशेजारच्या जागेवरून गावातला एक वजनदार माणूस त्याला फोनवर जातीवरून शिव्या घालत होता आणि वस्तीतल्या कुणालाच शेतावर कामाला बोलवू देणार नाही, अशी धमकी देत होता. क्लिप संपली. मी काही बोलणार एवढ्यात पोराचा आवाज खाली आला. "पण ताई, त्याला न सांगता रेकॉर्ड केलंय. उलटा माझ्यावरच गुन्हा घालतील काय?"

हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. दाखल्यासाठी कुणीतरी पैसे मागतं, पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत, संस्थेत शिष्यवृत्तीचा अर्ज पुढं सरकवत नाहीत. समोरचा माणूस खुर्चीवर बसलेला असतो आणि जे काही बोलतो ते तोंडी बोलतो. कागदावर त्याचं काहीच नसतं. आपल्या पोरांच्या हातात तेवढा मोबाईल असतो. मग खिशातल्या खिशात बटण दाबलं जातं, आणि घरी आल्यावर भीती वाटायला लागते.

उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः सहभागी आहात, ते बोलणं स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. समोरच्याला सांगून करा असं बंधन घालणारा कायदा नाही. मी वकील नाही, समाजशास्त्र शिकलेली कार्यकर्ती आहे, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाला विचाराच. पण या मुद्द्यावर न्यायालयांची भूमिका गेली साठेक वर्षं बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

त्या तरुणाला मी हे सांगितलं आणि तीन गोष्टी विचारल्या. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो हाच का? क्लिप कुणाकुणाला पाठवली? आणि हा माणूस असं बोलला हे तुझ्याशिवाय कुणी ऐकलंय का? जुना फोन त्यानं दुकानात देऊन त्या बदल्यात नवा घेतला होता, देण्याआधी फॉरमॅट मारून. क्लिप दोन मिनिटांवर आणून, मागं गाणं लावून, त्या माणसाचा फोटो चिकटवून गावच्या आणि तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकली होती. आणि हाच माणूस आदल्या दिवशी पारावर चारचौघांत तेच बोलला होता, पण त्या चौघांची नावंही कुणी लिहून घेतली नव्हती. "क्लिप हाय की," असं त्याचं म्हणणं. पोराची भीती चुकीच्या जागी होती. रेकॉर्ड केल्यानं काही बिघडणार नव्हतं. जे बिघडलं होतं ते रेकॉर्ड केल्यानंतर.

कोल्हापूरकरांना माहीत असलेलं उदाहरण

फेब्रुवारी २०२५ मधलं प्रकरण सगळ्यांच्या लक्षात असेल. इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांना मध्यरात्री एक फोन आला. शिवीगाळ, धमकी आणि छत्रपती शिवाजी महाराज व संभाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह बोलणं. फोन करणाऱ्यानं आपलं नाव प्रशांत कोरटकर असं सांगितलं होतं. सावंतांनी तो कॉल रेकॉर्ड केला आणि समाजमाध्यमावर टाकला. शहर पेटून उठलं, जुना राजवाडा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. नागपूरचे पत्रकार कोरटकर यांनी तो आवाज आपला नसल्याचा दावा केला. मार्चमध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं त्यांचा अटकपूर्व जामीन फेटाळला, २४ मार्चला तेलंगणातून त्यांना अटक झाली, आवाजाचे नमुने घेतले गेले, आणि एप्रिलमध्ये जामीन मिळाला. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत आरोप हा आरोपच असतो, हे आपण विसरू नये.

पण यात वाद कशाबद्दल होता ते बघा. सावंतांनी न सांगता रेकॉर्ड का केलं, यावर सारा वाद झाला नाही. झाला तो 'हा आवाज कुणाचा' यावर. तुमच्या बाबतीतही तेच होणार. बलवान माणूस आधी म्हणतो, "आवाज माझा नाही." हल्ली त्यात "एआयनं बनवलाय" हे नवीन वाक्य आलंय. म्हणून आवाजाचा नमुना महत्त्वाचा. पूर्वी आरोपीला आवाजाचा नमुना द्यायला भाग पाडता येतं का, यावर गोंधळ होता. २ ऑगस्ट २०१९ ला रितेश सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात आणि त्यानं स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग होत नाही. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ही तरतूदच आली आहे. तेव्हा समोरचा 'मी नव्हेच' म्हणाला तर तपास अधिकाऱ्याकडं लेखी मागणी करा: आवाजाचा नमुना घ्या, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तुलनेला पाठवा. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

आरोपीच्या फोनमधला डेटा पुसला गेल्याच्या बातम्याही त्या वेळी आल्या होत्या. खरं खोटं न्यायालय ठरवेल. पण कुठल्याही प्रकरणात समोरच्याच्या फोनवर पुरावा शिल्लक राहील या भरवशावर आपण राहू शकत नाही. जे काही आहे ते आपल्याच फोनमध्ये आहे.

१९६४ सालचा मुंबईचा फोन

न सांगता केलेल्या रेकॉर्डिंगचा सर्वांत गाजलेला निवाडा आपल्याच राज्यातला आहे. १९६४ साली मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, होते आर. एम. मलकानी. एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पुढं दगावला. डॉक्टरांच्या विरोधात शेरा जाऊ नये म्हणून कॉरोनरनं आधी वीस हजार रुपये मागितले, मग दहा हजारांवर आले, असं प्रकरण होतं. बोलणी दुसऱ्या एका डॉक्टरमार्फत चालली होती. त्या मध्यस्थ डॉक्टरांच्या संमतीनं लाचलुचपत प्रतिबंधक खात्यानं त्यांच्या फोनला रेकॉर्डिंगचं यंत्र जोडलं आणि कॉरोनरशी झालेलं बोलणं टेपवर घेतलं.

मलकानींचं म्हणणं होतं की हे टेलिग्राफ कायद्याचं उल्लंघन आहे, माझ्या खासगीपणाचं उल्लंघन आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ साली दोन्ही मुद्दे फेटाळले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, म्हणून चोरून तार ऐकल्यासारखं ते नाही. आणि मलकानी स्वतःच्या मनानं बोलले, त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. शिक्षा कायम राहिली. आजही कुठल्याही न्यायालयात हा विषय निघाला की मलकानींचं नाव निघतंच.

त्याच्याही आधीचा, १९६७ चा, युसूफअली नगरी खटला मला जास्त आवडतो. मुंबई महापालिकेतल्या एका कारकुनाला एक जण लाच देऊ पाहत होता. कारकुनानं पोलिसांना कळवलं. त्याच्या घरात पुस्तकांमागं माईक लपवला, पोलीस आतल्या खोलीत बसले, आणि बोलणं टेप झालं. पुरावा मान्य झाला. पण न्यायालयानं एक गोष्ट बजावली: टेप सील केली नव्हती, आणि सील न केल्यामुळं फेरफाराची शंका घ्यायला जागा राहते. फेरफार करणं सोपं आहे म्हणून काळजी जास्त हवी, हे १९६७ साली रिळाच्या टेपबद्दल म्हटलंय. व्हॉट्सअपच्या काळात ते किती पटीनं खरं आहे!

कुठं थांबायचं

'मी त्या बोलण्यात होतो' हा सगळ्याचा पाया आहे. तो पाया नसला की गोष्ट बदलते. सरपंच आणि ठेकेदार दोघंच बोलत असताना तुम्ही खोलीत मोबाईल ठेवून निघून आलात, किंवा कुणाच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याचे कॉल ऐकलेत, तर तुम्ही बोलणारे उरत नाही. चोरून ऐकणारे होता. दुसऱ्याच्या संदेशात बेकायदा घुसणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारलासुद्धा फोन टॅप करायचा तर ठरलेल्या कारणांसाठी आणि ठरलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशानंच करता येतो, हे पीयूसीएल खटल्यात १९९६ सालीच सांगितलं गेलंय. आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्यांना आपलाच फोन कुणी ऐकत असेल अशी शंका असते. जे आपल्यावर होऊ नये म्हणतो ते आपण दुसऱ्यावर करू नये, एवढं तरी पाळू या.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क झाला, मग मलकानी निकाल बाद झाला का, असं कायद्याचे विद्यार्थी विचारतात. बाद झालेला नाही. नवरा-बायकोच्या भांडणात काही उच्च न्यायालयांनी चोरून केलेलं रेकॉर्डिंग नाकारलं होतं, पण १४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वैवाहिक दाव्यातही ते पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. घरातल्या भांडणाची ही गत, तर नागरिकाशी सरकारी कामाबद्दल बोलणाऱ्या अधिकाऱ्याला खासगीपणाची ढाल किती पुरणार, याचा अंदाज करता येतो. उलट कुणाच्या आजाराबद्दल, बायकापोरांबद्दल, घरगुती गोष्टींबद्दलचं बोलणं मात्र आपल्या भांडणाशी संबंध नसेल तर बाहेर काढायचं नाही. ते आपलं कामच नव्हे.

आणि न्यायालयात मात्र चुकूनही नको. सीपीआरसमोर आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आपली पोरं उत्साहानं सुनावणी ऐकायला जातात, चांगलंच आहे. तिथं परवानगीशिवाय मोबाईल चालू करणं महागात पडेल. ऑनलाईन सुनावणीचंही तेच.

पोलीस ठाण्यात

सगळ्यात जास्त भीती इथंच. "हे पोलीस ठाणं आहे, इथं रेकॉर्डिंग केलंस तर गोपनीयता कायदा लावीन," ही धमकी मी स्वतः ऐकली आहे, आणि तेव्हा मीही फोन खाली ठेवला होता. आज ठेवणार नाही. त्याला कारण दोन निकाल.

जुलै २०२२ मध्ये वर्धा पोलीस ठाण्यातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की शासकीय गुपिते कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय याची सविस्तर व्याख्या आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं येत नाही. तो कायदा हेरगिरीसाठी आहे. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढं पाथर्डीचं प्रकरण आलं. आपल्या तक्रारीची नीट दखल घेतली नाही म्हणून दोन भाऊ जाब विचारायला ठाण्यात गेले, बोलणं रेकॉर्ड केलं, आणि त्यांच्यावरच हा कायदा लावला गेला. खंडपीठानं ते कलम रद्द केलं. मात्र धमकी आणि कटाच्या कलमांचा निर्णय खालच्या न्यायालयावर सोडला. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. रेकॉर्डिंग गुन्हा नाही, पण रेकॉर्डिंग करताना तुम्ही जे बोलता तेही त्याच फाईलमध्ये जातं. "बघून घेतो", "नोकरी घालवतो" असलं काही आपल्या तोंडून गेलं की पुरावा आपल्याविरुद्ध तयार झाला. ३५३, म्हणजे नव्या संहितेतलं १३२, कलम लावायला निमित्तच हवं असतं. अंगावर जाऊ नका, टेबलावरचा कागद ओढू नका, आवाज चढवू नका.

शिवाय ठाण्यात सरकारचं स्वतःचं रेकॉर्डिंग चालू असतं, किंवा असायला हवं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही बसवायचे आणि ते चित्रीकरण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर, जपायचं असा आदेश दिला. म्हणून ठाण्यात गैरवागणूक झाली तर दुसऱ्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवावं. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर ते उत्तरही लेखीच घ्या.

ॲट्रॉसिटीचा अवघड भाग

इथं आपल्या कार्यकर्त्यांची सर्वांत मोठी गल्लत होते, म्हणून सावकाश सांगते. जातीवरून शिवीगाळ वा अपमान यासाठी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस) लागतं. दोन्हींत एक अट आहे: ते लोकांना दिसेल, ऐकू येईल अशा ठिकाणी घडलं पाहिजे. हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली आणि तमिळनाडूतल्या एका महसूल कार्यालयातल्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेली शिवीगाळ या कलमांत बसत नाही. २०२५ चा निकाल न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाचा होता. तो आपल्याला आवडो न आवडो, तो कायदा आहे आणि त्यानुसार तयारी केली पाहिजे.

आता फोनवरची शिवी बघा. रेकॉर्डिंगमुळं शब्द सिद्ध होतात, पण ठिकाण सिद्ध होत नाही. फोनवर दोघंच होते, मग लोकांदेखत कसं झालं, असं बचावाचे वकील विचारतात आणि त्या मुद्द्यावर आरोपी सुटलेलेही आहेत. मागाहून क्लिप आपणच व्हायरल केली म्हणून ती शिवी 'लोकांदेखत' दिली असं होत नाही. त्या तरुणाच्या बाबतीत पारावरचे चौघं हा खरा पुरावा होता. क्लिपच्या नादात तो मागं पडला. क्लिप हातात आली की साक्षीदार शोधायचे कष्ट कुणी घेत नाही, हे मी वारंवार पाहिलंय. पूर्वी आपल्या बापजाद्यांकडं मोबाईल नव्हता, पण अमुकतमुक हजर होते हे ते नावानिशी सांगायचे.

याचा अर्थ फोनवरची क्लिप निरुपयोगी असा नाही. लोकांदेखत घडण्याची अट सगळ्या कलमांना नाही. जिवे मारण्याची धमकी असेल, आणि समोरच्याला तुमची जात माहीत असेल, तर कलम ३(२)(व्हीए) पाहायला सांगा. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराची धमकी कलम ३(१)(झेडसी) मध्ये येते. महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, तोही विसरू नका. बहिष्कार कधीच लेखी नसतो. "त्यांना किराणा देऊ नका, त्यांच्या शेतावर ट्रॅक्टर पाठवू नका," हे तोंडीच फिरतं. तिथं रेकॉर्डिंगला तोड नाही. आमच्या तरुणाच्या चार मिनिटांत शिव्या होत्या तीन मिनिटं, आणि कामाला बोलवू देणार नाही हे वाक्य शेवटी होतं. ग्रुपवर टाकताना त्यानं नेमका तोच भाग कापला होता, कारण शिव्यांवर लोक जास्त चिडतात!

या कायद्याच्या कलम १५अ नुसार पीडितांना सामाजिक कार्यकर्त्याची, संस्थेची, वकिलाची मदत घेण्याचा हक्क आहे आणि या गुन्ह्यांतल्या सगळ्या कार्यवाहीचं चित्रीकरण व्हायला हवं. ते मागा. आपण खिशातल्या फोनवर इतका जीव टाकतो आणि कायद्यानं दिलेला कॅमेरा मागत नाही.

पैसे मागितले तर

लाचेच्या प्रकरणात रेकॉर्डिंग करा, पण तिथंच थांबा. पैसे देऊन मग पुरावा दाखवू असं करू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी धरला जातो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलंत तर तुम्हाला संरक्षण आहे. त्यांचा टोल फ्री क्रमांक १०६४. ते तुमच्या क्लिपवर सापळा लावत नाहीत. स्वतःच्या रेकॉर्डरवर पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात आणि मग सापळा रचतात. तुमची क्लिप त्यांना पहिलं पाऊल म्हणून कामाला येते.

आणि आपण होऊन आमिष दाखवायचं नाही. २००३ साली एका केंद्रीय मंत्र्याला पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात पकडल्याचं प्रकरण गाजलं होतं. ज्यांनी ते घडवून आणलं त्यांनी आपल्यावरचा खटला रद्द करायला मागितला, तेव्हा २०१४ साली रजत प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. घडलेला गुन्हा टिपणं वेगळं, आणि टिपण्यासाठी गुन्हा घडवणं वेगळं.

फोन जपा

मूळ फाईल ज्या फोनवर तयार झाली तो फोन म्हणजे मुद्देमाल आहे. तो विकू नका, फॉरमॅट करू नका, धाकट्या भावाला गेम खेळायला देऊ नका. हल्ली बऱ्याच फोनवर कॉल रेकॉर्ड केला की 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' अशी घोषणा होते, म्हणून पोरं स्पीकर चालू करून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करतात. चालतं. पण मग मूळ उपकरण तो दुसरा फोन, आणि तो बहिणीचा असेल तर उद्या साक्षीला बहिणीलाही यावं लागेल. आधीच विचार करा.

फाईलचं नाव बदलू नका, कापू नका, आवाज वाढवू नका. प्रत पेन ड्राईव्हवर घ्या. व्हॉट्सअपवरून ऑडिओ म्हणून पुढं गेलेली फाईल ही मूळ राहत नाही, तिची तारीख-वेळ बदलते. त्याच रात्री वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, कुठून कुठल्या नंबरवर, कोण कोण हजर, काय बोलणं झालं. ही वही साधी वाटते, पण वर्षा-दोन वर्षांनी उलटतपासणीत तीच आपल्याला सावरते.

न्यायालयात प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मूळ फोनच न्यायालयात हजर केला आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला सांगितलं. तो खटला जालन्याचा. २०१४ ला तिथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले असा आरोप कैलास गोरंट्याल यांच्या बाजूनं होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्याचं चित्रीकरण. पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र आवश्यकच. मात्र मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न केले असतील तर त्याला शिक्षा नको. निवडणूक रद्द झाली ती झालीच. प्रयत्न केल्याचे अर्ज फाईलला होते म्हणून हे जमलं.

व्हायरल करण्याबद्दल

सावंतांनी टाकलं की, मग आम्ही का नको, असं तरुण म्हणतात. त्यांच्या मागं नाव होतं, शहर होतं, आणि मूळ कॉल त्यांच्याजवळ होता. वस्तीतल्या एकट्या कुटुंबाची क्लिप व्हायरल झाली की दुसऱ्या दिवशी त्या घराला कोण राखणार आहे, हे आधी बघा. शिवाय तक्रारीआधी क्लिप फिरली की समोरचा सावध होतो, वकील गाठतो, साक्षीदार फोडतो. बदनामीचा दावा टाकतो तो वेगळाच. रेकॉर्डिंग करणं गुन्हा नाही, याचा अर्थ ते कुठंही कसंही वाजवायला मोकळीक आहे असा नाही. आधी तक्रार, पोच, मग पत्रकार परिषद घ्यायची तर घ्या.

एका शिबिरात एका मुलीनं विचारलं होतं, "न सांगता रेकॉर्ड करणं पंचशीलात बसतं का?" प्रश्न चांगला होता. मला वाटतं, बोलू देणं आणि ते जसंच्या तसं ठेवणं यात खोटं काही नाही. पण मधली दोन वाक्यं कापून अर्थ फिरवला की तो मुसावाद झाला, मग समोरचा कितीही नालायक असो. आपल्या क्लिपमध्ये आपण दिलेली शिवी असेल तर तीही राहू द्या.

त्या तरुणाचा जुना फोन मिळाला नाही. दुकानदारानं तो पुढं पाठवला होता. ग्रुपवर फिरलेली कापलेली क्लिप आणि त्याच्या नव्या फोनवर व्हॉट्सअपमधून परत आलेली चार मिनिटांची प्रत, एवढंच हातात आहे. कॉल कधी आणि किती वेळ झाला याचा तपशील मोबाईल कंपनीकडून मागवावा असा अर्ज आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिला आहे. पारावरच्या चौघांपैकी दोघींनी जबाब दिला. तिसरा माणूस त्याच वजनदार माणसाच्या शेतावर कामाला जातो, तो अजून तयार नाही. चौथा पुण्याला असतो. रविवारी वंदनेनंतर विहारात बसून त्याला फोन लावायचं ठरलंय.